१५ मेगावॉटच्या तरंगत्या टर्बाइनसाठी वारा: ८० मीटरच्या डेटावरून २७० मीटरपर्यंत कसे जायचे?

खारेवारे

नमस्कार मंडळी. पीएचडीचे पहिले वर्ष चालू आहे. विषय ढोबळ ठरला आहे: अतिमोठ्या समुद्री टर्बाइनवर प्रत्यक्षात येणारा वारा आणि त्याचा लोडवर (टर्बाइनवर येणाऱ्या बलांवर) परिणाम. टर्बाइन आयईए १५ मेगावॉट (संशोधनासाठीचे संदर्भ-डिझाइन), म्हणजे रोटरचा व्यास २४० मीटर, हब (रोटरचा मध्य) १५० मीटरवर. पात्याचे टोक खाली ३० मीटरपर्यंत येते आणि वर २७० मीटरपर्यंत जाते. पाया तरंगता, व्होल्टर्नयूएस-एस सेमीसबमर्सिबल (अर्धवट बुडालेला). लोडचे गणित ओपनफास्ट या सिम्युलेशन प्रोग्राममध्ये.

डेटा फिनो-१ या मोजमापाच्या मास्टचा, बोर्कुम बेटाच्या उत्तरेला ४५ किलोमीटरवर, उत्तर समुद्रात. सॉनिक (ध्वनिलहरींनी वारा मोजणारी उपकरणे) तीन उंचींवर: ४१.५, ६१.५ आणि ८१.५ मीटर, १० हर्ट्झ. कप अॅनिमोमीटर १०० मीटरपर्यंत. थोडक्यात, सगळी उपकरणे हबच्या बरीच खाली.

अडलेले मुद्दे असे. टर्ब्युलन्सचे (वाऱ्याच्या चढ-उतारांचे) मॉडेल कायमलचे घ्यावे की मानचे? दोन्ही प्रमाणित आहेत, पण लोड वेगवेगळे येतात. दुसरे, ८० मीटरवरचे स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारतेला किती ऊर्जा) आणि कोहेरन्स (दोन बिंदूंवरचा वारा किती एकत्र हलतो) वरच्या उंचीला लावायचे कशाच्या आधारावर? तिसरे, टर्बसिमची (कायमलचा वारा तयार करणारा प्रोग्राम) आणि मान बॉक्सची (मान मॉडेलने तयार केलेल्या वाऱ्याचा ठोकळा) जाळी या आकाराच्या रोटरला किती मोठी, किती बारीक? आणि एक छोटी शंका: अर्ध्या तासाच्या नोंदींवरून काढलेला कोहेरन्स ०.३२ ते ०.३५ च्या खाली जातच नाही, अगदी १ हर्ट्झलासुद्धा. ४० मीटर अंतरावर १ हर्ट्झला तो शून्य हवा ना?

---

डोलकाठी

शेवटच्या शंकेचे उत्तर दुसरे कोणी देईल, मी पहिल्यापासून सुरू करतो.

आयईसी ६१४००-१ या टर्बाइन-डिझाइनच्या मानकात टर्ब्युलन्सचा लांबी-मापांक (भोवऱ्यांच्या आकाराचे माप) ६० मीटरपर्यंत उंचीच्या ०.७ पट धरला आहे. ६० च्या वर तो ४२ मीटरवर गोठवून टाकला आहे. कायमलची लांबी त्याच्या ८.१ पट, म्हणजे ३४०.२ मीटर. मानची ०.८ पट, ३३.६ मीटर, आणि गॅमा (भोवरे किती ताणले जातात त्याचे माप) ३.९. म्हणजे ८० मीटरच्या हबलाही हेच आकडे आणि १५० मीटरच्या हबलाही हेच. ज्या काळात रोटर ८० ते १०० मीटरचे होते त्या काळात हे खपून गेले. वर हे सगळे न्यूट्रल वातावरणासाठी (उष्णतेमुळे टर्ब्युलन्स वाढतही नाही, दबतही नाही अशा) आहे, आणि समुद्रावर शुद्ध न्यूट्रल स्थिती बहुधा जोराच्या वाऱ्यातच मिळते. तुमच्या टर्बाइनचा रेटेड वेग (पूर्ण क्षमता गाठण्याचा वाऱ्याचा वेग) १०.६ मी/से आहे. त्याच्या आसपास थ्रस्ट (वाऱ्याचा रोटरला ढकलणारा जोर) सर्वांत जास्त असतो, आणि नेमक्या त्याच वेगांना वातावरण न्यूट्रलपासून दोन्ही बाजूंना भरपूर ढळलेले असते.

आता कायमल की मान. आयईसीच्या कायमलबरोबर येणारे कोहेरन्सचे सूत्र घ्या आणि वारंवारता शून्याकडे न्या. १२० मीटर अंतराला ०.६० उरतो, २४० मीटरला ०.३६. म्हणजे संथ झुळूक आली की जवळजवळ अख्ख्या रोटरला एकदम ढकलते. आडव्या आणि उभ्या घटकांना मात्र मानकात कोहेरन्स दिलेलाच नाही, त्यामुळे दोन शेजारच्या बिंदूंवर ते एकमेकांना ओळखतही नाहीत. मानमध्ये तिन्ही घटक एकाच टेन्सरमधून (एकाच गणिती चौकटीतून) निघतात, त्यामुळे ते आपसांत सुसंगत असतात. पण ३३.६ मीटर लांबीमुळे रोटरच्या डाव्या-उजव्या टोकांचा संबंध लवकर तुटतो. परिणाम सरळ आहे: कायमलमध्ये पायाचा सर्ज (पुढे-मागे सरकणे) आणि पिच (पुढे-मागे झुकणे) जास्त, मानमध्ये यॉ (उभ्या अक्षाभोवती वळणे) जास्त. यातले कुठले 'बरोबर' हे ठरवायला अंतर-वारंवारतेच्या त्या पट्ट्यात मोजमाप हवे, आणि तेच कमी आहे. प्रबंधाला जागा आहे ती इथे.

व्होल्टर्नयूएसच्या नैसर्गिक वारंवारता समोर ठेवा: सर्ज ०.००७ हर्ट्झ, यॉ ०.०११, पिच ०.०३६, हीव्ह (वर-खाली हलणे) ०.०४९. मोनोपाइलवर (समुद्रतळात रोवलेल्या एका खांबावर) हेच टर्बाइन उभे केले तर टॉवर ०.१७ हर्ट्झच्या आसपास. १० मी/से वाऱ्यात १२० मीटर अंतराचा कोहेरन्स ०.०१ हर्ट्झला ०.२२ येतो, ०.०५ ला व्यवहारात शून्य. तेव्हा मोनोपाइलचा टॉवर लांबच्या अंतराचा कोहेरन्स फारसा विचारत नाही, तरंगता पाया मात्र त्यावरच नाचतो. पाया तरंगता निवडलात हे चांगलेच झाले. विषय आवळून घ्या: ०.००५ ते ०.०५ हर्ट्झ, आडवे अंतर ५० ते २४० मीटर, तीन स्थैर्य-वर्ग (स्थिर, न्यूट्रल, अस्थिर), लोड म्हणून टॉवरच्या पायथ्याचा मोमेंट आणि यॉ. 'वाऱ्याची स्थिती' या नावाखाली शिअर (उंचीनुसार वेगातला फरक), व्हीअर (उंचीनुसार दिशेतला फरक), जेट (कमी उंचीवरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा), वेक (टर्बाइनमागचा मंदावलेला वारा), लाटांचा वाऱ्यावरचा परिणाम हे सगळे घेतलेत तर तीन वर्षे साहित्य-समीक्षेतच जातील. नमनालाच घडाभर तेल.

---

मतलई

०.३५ चे कोडे सोपे आहे, तुम्ही बहुतेक १८०० सेकंदांची नोंद ४०० सेकंदांच्या तुकड्यांत, निम्म्या ओव्हरलॅपने तोडली आहे. तुकडे होतात ८. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन सिग्नलांचाही वर्ग-कोहेरन्स साधारण एक भागिले तुकड्यांची संख्या इतका दिसतो. १/८ म्हणजे ०.१२५, त्याचे वर्गमूळ ०.३५. तुम्हाला दिसते आहे ती वाऱ्याची करामत नाही, अंदाज काढण्याच्या पद्धतीचा तळ आहे.

इलाज दोन. प्रत्येक नोंदीचा कोहेरन्स काढून त्यांची सरासरी घेऊ नका. एकाच वर्गातल्या (वेग, स्थैर्य, दिशा) सगळ्या नोंदींचे क्रॉस-स्पेक्ट्रम (दोन बिंदूंचा मिळून) आणि ऑटो-स्पेक्ट्रम (एकेका बिंदूचा) आधी वेगवेगळे सरासरी करा, प्रत्येक नोंद तिच्या व्हेरियन्सने (चढ-उतारांच्या मापाने) भागून. भागाकार शेवटी एकदाच. ५० नोंदी मिळाल्या तर तुकडे ४०० होतात आणि तळ ०.०५ वर येतो. दुसरा इलाज, क्रॉस-स्पेक्ट्रमचा फक्त वास्तव भाग घ्या, म्हणजे को-कोहेरन्स. त्याचा गोंगाट शून्याभोवती दोन्हीकडे हलतो, त्यामुळे सरासरीत विरतो. वर तो ऋण होऊ शकतो आणि ही माहिती महत्त्वाची आहे: मानमध्ये आडव्या अंतराला संथ वारंवारतेवर को-कोहेरन्स शून्याखाली जातो, ते निरपेक्ष मूल्यात लपून जाते.

याच वळणावर आणखी एक खड्डा. आयईसीचे सूत्र क्रॉस-स्पेक्ट्रमचे परिमाण भागिले ऑटो-स्पेक्ट्रम असे आहे, वर्ग नाही. सायपाय या पायथन लायब्ररीतले कोहेरन्सचे फंक्शन वर्ग देते. वर्गमूळ न काढता आयईसीच्या सूत्रातल्या १२ या घातांकाच्या शेजारी आपला घातांक मांडला तर तो बरोबर दुप्पट येतो, आणि 'समुद्रावर कोहेरन्स फार लवकर विरतो' असा खोटा निष्कर्ष तयार. तुम्हाला १२ च्या जागी २४ च्या आसपास काही दिसले तर आधी हे तपासा.

सॉनिकच्या प्रक्रियेबद्दल. आल्फा व्हेंटस या पवनफार्मची उभारणी २००९ मध्ये सुरू झाली, १२ टर्बाइन, फिनो-१ च्या पूर्वेला अगदी शेजारी. त्यानंतर आजूबाजूला आणखी फार्म आले. म्हणून टर्ब्युलन्ससाठी २००९ आधीचा डेटा वापरा. मास्टची सावली पडते तो दिशांचा पट्टा बूमच्या दिशेवरून काढा, दोन्ही बाजूंना सढळ हाताने कापा. स्पाइक काढा, पण गाळणी फार घट्ट लावू नका, नाहीतर खरी झुळूकही जाते. अक्ष फिरवताना दुहेरी रोटेशन आणि प्लॅनर-फिट या दोन्ही पद्धती वापरून उभ्या संवेग-प्रवाहातला फरक पाहा. दोन्हींत मोठी तफावत असेल ती दिशा संशयित धरा. स्थैर्यासाठी लागणारा उष्णता-प्रवाह सॉनिक तापमानातून थेट घ्या. ते जवळजवळ आभासी तापमानच असते, समुद्रावर बाष्पाचा वाटा धरायला तेच हवे.

आणि स्थायित्व (नोंदीभर वाऱ्याची सांख्यिकी तीच राहणे). उत्तर समुद्रावर थंड हवा सरकते तेव्हा खुल्या पेशींचे ढग येतात, अर्ध्या-एक तासाच्या लयीत वारा चढतो-उतरतो. त्या नोंदी ०.००५ हर्ट्झच्या आसपास भरपूर ऊर्जा आणि ढीगभर कोहेरन्स घेऊन येतात. त्या टाकायच्या की ठेवायच्या हा तुमच्या प्रबंधाचाच प्रश्न आहे. स्थायित्वाची नेहमीची गाळणी त्यांना टाकते, तरंगता पाया त्यांना टाकू शकत नाही. माझे मत: वेगळा वर्ग करा, फेकू नका.

---

खारेवारे

४०० सेकंद, निम्मा ओव्हरलॅप, अगदी बरोबर ओळखलेत. ६२ नोंदींचे क्रॉस-स्पेक्ट्रम एकत्र केले, तळ ०.०५ च्या खाली गेला. वर्गमूळही राहिले होते, मान्य.

पण डोलकाठी म्हणतात तसे आडवे अंतर घ्यायचे तर फिनोवर मास्ट एकच. माझ्याकडे उभे अंतर आहे, तेही जास्तीत जास्त ४० मीटर. त्यावरून २४० मीटर म्हणजे सुतावरून स्वर्ग नाही का?

---

कातळसडा

आहेच. म्हणून फिनोचे काम इतकेच ठेवा: स्थैर्यानुसार एकबिंदू स्पेक्ट्रम, आणि उभ्या अंतराचा घातांक. आडव्या अंतरासाठी स्कॅनिंग लायडार (लेसर किरणाने दुरून वारा मोजणारे उपकरण) लागते. नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ओब्रेस्टाड दीपगृहाशी २०१९-२० मध्ये कोटूर ही मोहीम झाली. तीन स्कॅनिंग लायडार समुद्राकडे तोंड करून, जवळजवळ समांतर किरणांनी, नेमका आडवा कोहेरन्स मोजण्यासाठी. वारा किरणांच्या दिशेत असेल तेव्हाच थेट मुख्य घटक मिळतो. तिरका वारा असेल तर किरणाला वाऱ्याचा फक्त प्रक्षेप दिसतो, म्हणून दिशांचा वापरता येणारा पट्टा अरुंद राहतो. पण ०.००५ ते ०.०५ हर्ट्झसाठी लायडार पुरतो, कारण किरणावरच्या काही दहा मीटरच्या सरासरीने उडतात त्या बारीक भोवऱ्या. १० मी/से वाऱ्यात ०.०५ हर्ट्झचा भोवरा २०० मीटर लांब असतो.

उभ्या प्रोफाइल लायडारकडून टर्ब्युलन्स मात्र मागू नका. चार तिरके किरण उभ्यापासून २८ अंशांवर असतील तर २५० मीटर उंचीवर समोरासमोरच्या किरणांमधले अंतर २६६ मीटर होते. म्हणजे वाऱ्याचा एक घटक काढण्यासाठी तुमच्या रोटरपेक्षा जास्त अंतरावरच्या दोन बिंदूंची वजाबाकी चालली आहे. सरासरी वेग त्यातून छान येतो, कारण सरासरीला दोन्ही बिंदू सारखेच. चढ-उतार काढायला गेलात की उभा घटक आडव्यात मिसळतो आणि व्हेरियन्स उंचीनुसार, स्थैर्यानुसार कुठे कमी कुठे जास्त दिसतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तरंगत्या बोयावरचा लायडार असेल तर बोयाच्या डुलण्याने टर्ब्युलन्स आणखी फुगतो. दहा मिनिटांचा सरासरी वेग विश्वासाने घ्या, टर्ब्युलन्सची तीव्रता भरपाईशिवाय घेऊ नका.

१०० मीटरच्या वर सरासरी प्रोफाइलसाठी डच किनाऱ्याजवळचे सरकारी तरंगते लायडार खुले आहेत, हॉलंड्स कुस्ट आणि आयमाउडन फेरच्या क्षेत्रांतले. मॉडेलपैकी नोरा-३ आणि न्यू युरोपियन विंड अॅटलस, दोन्हींची जाळी ३ किलोमीटरची. ईआरए-५ या जागतिक हवामान-डेटाचा १०० मीटर वारा हवामानाच्या दीर्घ चित्रासाठी ठीक, पण पाव अंशाच्या जाळीत खालचे जेट बोथट होऊन जातात.

मोनिन-ओबुखोव्हबद्दल (पृष्ठभागालगतचा वारा आणि स्थैर्य यांचा सिद्धांत) एक सावधगिरी. तो सिद्धांत पृष्ठस्तरापुरता, म्हणजे सीमास्तराच्या (पृष्ठभागाचा परिणाम पोहोचतो त्या हवेच्या थराच्या) खालच्या दहाव्या हिश्शापुरता. वसंतात उबदार हवा थंड पाण्यावर येते तेव्हा सीमास्तर १०० ते २०० मीटरच उरतो. पृष्ठस्तर मग १०-२० मीटर. तुमच्या रोटरचे खालचे टोकही त्याच्या वर, आणि ४१.५ मीटरचा सॉनिकसुद्धा. अशा वेळी त्या सॉनिकवरून काढलेली ओबुखोव्ह लांबी (स्थैर्याचे माप) 'पृष्ठभागाची' म्हणून मिरवू नका, ती त्या उंचीची स्थानिक लांबी आहे. ताळा म्हणून पाणी आणि हवेच्या तापमानातल्या फरकावरून बल्क रिचर्डसन (स्थैर्याचा दुसरा आकडा) काढा. दोन्ही वर्गीकरणे जिथे जुळत नाहीत त्या नोंदी वेगळ्या काढून हाताने पाहा, शंभर-दीडशे पाहिल्या की डोळा तयार होतो.

---

जाळीदार

जाळीबद्दल. आधी टर्बसिम.

रोटर २४० चा असला तरी जाळी २४० ची चालत नाही. शाफ्ट ६ अंश कललेला, पाती शंकूत, वर प्लॅटफॉर्म डोलतो. टोक जाळीबाहेर गेले की ओपनफास्ट चूक देऊन थांबते, आणि तेही बहुधा पन्नासाव्या मिनिटाला. २८० बाय २८० घ्या, खालची कड पाण्यापासून १० मीटरवर येते. बिंदूंमधले अंतर पात्याच्या कमाल रुंदीच्या आसपास, म्हणजे ५ मीटर. ५७ बाय ५७, एकूण ३२४९ बिंदू. टर्बसिम प्रत्येक वारंवारतेला सर्व बिंदूंची कोहेरन्स मॅट्रिक्स बनवून तिचे चोलेस्की विघटन करते, अर्धी मॅट्रिक्स २१ मेगाबाइट. 'जरा बारीक' म्हणून अंतर २.५ केले तर बिंदू चौपट आणि काम बिंदूंच्या घनाने, म्हणजे सुमारे ६० पट. तुमच्या वारंवारतेच्या पट्ट्यात त्यातून पदरात काहीच पडत नाही.

कोहेरन्ससाठी आयईसीऐवजी 'जनरल' पर्याय निवडा आणि इन-सी-डेकच्या ओळीत आपले दोन आकडे द्या. पहिला घातांक, आयईसीत १२. दुसरा ०.१२ भागिले ३४०.२, म्हणजे प्रति मीटर ०.०००३५३. फिटिंगमधून आलेले आकडे थेट इथेच बसतात. एक फरक लक्षात ठेवा: आयईसी पर्यायात हबचा वेग वापरला जातो, जनरलमध्ये त्या दोन बिंदूंच्या वेगांची सरासरी. फिटिंग करताना कुठला वेग घेतला होता तो हाच असला पाहिजे. आडव्या आणि उभ्या घटकांचा कोहेरन्स डीफॉल्टला बंद असतो, तोही इथेच चालू होतो. मर्यादा अशी की एका घटकासाठी हे एकच सूत्र आडव्या आणि उभ्या दोन्ही अंतरांना लागते. फिनोचा उभा घातांक इथे टाकलात की आडवाही आपोआप तोच होतो. प्रबंधात हे उघड लिहा, परीक्षक पहिले तेच विचारतील.

मान बॉक्सची तऱ्हा वेगळी. तो फूरिये पद्धतीने बनतो म्हणून तिन्ही दिशांना स्वतःची पुनरावृत्ती करतो. बॉक्सची उजवी कड म्हणजेच डावी कड. जुना अंगठेनियम मान लांबीच्या ८ पट रुंदीचा. ३३.६ चे ८ पट २६९ मीटर. त्या बॉक्समध्ये २४० चा रोटर बसवलात तर दोन टोके एका बाजूने २४० मीटरवर आणि मागच्या दाराने २९ मीटरवर. कोहेरन्स काढून पाहा, लांब अंतराला तो पुन्हा वर चढताना दिसेल. यॉचे गणित साफ बिघडते, कारण टोके एकदमच हलायला लागतात. तुमच्या संशोधनाचा मुद्दाच तो, तेव्हा ५१२ मीटर रुंदी घ्या: १२८ बिंदू, ४ मीटर अंतर. १० मी/से आणि ६०० सेकंदांना लांबी ६००० मीटर. २०४८ तुकडे केले तर २.९ मीटर, ०.२९ सेकंद. फाइल तिन्ही घटक मिळून ४०० मेगाबाइट.

पण ६०० सेकंद तुम्हाला पुरणार नाहीत. सर्जचा आवर्तनकाळ १४३ सेकंद, दहा मिनिटांत जेमतेम चार हेलकावे. तासाभराचे सिम्युलेशन करा, सुरुवातीची १०-१५ मिनिटे टाकून, कारण सर्जचा धक्का हळू शमतो. सहा दहा-मिनिटांचे तुकडे म्हणजे एक तास नव्हे: ०.००७ हर्ट्झची सांख्यिकी त्यातून येत नाही. ४ ते २४ मी/से, दर २ ला, ११ वेग, ६ सीड (यादृच्छिक वाऱ्याचे वेगवेगळे नमुने), ३ स्थैर्य-वर्ग, २ मॉडेल: ३९६ धावा. पहिल्यांदा एकाच वेगाला, समजा १० मी/से, २० सीड चालवून पाहा. सीडमुळे येणारा पसारा कायमल-मानमधल्या फरकापेक्षा मोठा निघाला तर सहा सीडवर काढलेला निष्कर्ष हवेत विरतो.

तुलना करताना दोन्ही बॉक्सच्या हबवरचा मुख्य घटकाचा व्हेरियन्स सारखा करून घ्या. मान बॉक्समध्ये जाळीपेक्षा बारीक आणि बॉक्सपेक्षा मोठी ऊर्जा कापली जाते, त्यामुळे तो मागितल्यापेक्षा कमी येतो. व्हेरियन्स सारखा न करता तुलना केली तर तुम्ही मॉडेलची नाही, टर्ब्युलन्सच्या तीव्रतेची तुलना करता. असे आलेख छापूनही आलेले दिसतात.

---

शीडवाला

सगळे कोहेरन्सच्या मागे आहेत, शिअरकडे कोणीच बघेना. हबवर १० मी/से असताना आयईसीच्या समुद्री घातांकाने, ०.१४ ने, खालच्या टोकाला ८ आणि वरच्या टोकाला १०.९ येतात. स्थिर वातावरणात जेटचे नाक (कमाल वेगाची उंची) १५० मीटरच्या आसपास आले तर वर वारा उलट कमी होतो, पाते वर जाताना आधी जास्त मग कमी वारा खाते. जोडीला व्हीअर: २४० मीटरच्या उंचीत दिशा दहा अंशांहून जास्त वळू शकते. हे सगळे कायमल-मान वादापेक्षा आधी यायला नको का? निदान रोटर-समतुल्य वेग तरी काढावा, आयईसी ६१४००-१२-१ च्या २०१७ च्या आवृत्तीत पद्धत दिलीच आहे.

---

डोलकाठी

शीडवाला, उर्जानिर्मितीसाठी तुमचे म्हणणे खरे. समतुल्य वेग तिथेच लागतो: थर पाडायचे, प्रत्येकाच्या वेगाचा घन, दिशेच्या फरकाच्या कोसाइनसह, क्षेत्रफळाने भारित सरासरी, मग घनमूळ. पण हा एकच आकडा लोडसाठी निरुपयोगी आहे, कारण लोड नेमका त्या फरकामुळे येतो जो या सरासरीत पुसला जातो.

फटीगचे (वारंवार येणाऱ्या ताणाने होणाऱ्या झिजेचे) म्हणाल तर जेट दिसते तितके दुष्ट नाही. जेट येते स्थिर वातावरणात, तेव्हा टर्ब्युलन्स मंदावलेला असतो. शिअरमुळे पात्याला दर फेरीला एक ठोका बसतो, मिनिटाला ७.५६ फेऱ्यांना ०.१२६ हर्ट्झ. पण संमिश्र पात्यासाठी व्होलर घातांक (ताण वाढला की नुकसान किती झपाट्याने वाढते तो) १० धरतात, म्हणजे नुकसान मोजक्या मोठ्या आवर्तनांतच होते. एकसारख्या मध्यम ठोक्यांपेक्षा अस्थिर वातावरणातली एखादी मोठी झुळूक जास्त खाते. टॉवरला घातांक ३-४, तिथे चित्र थोडे वेगळे. त्यातून टॉवरला तीन पात्यांच्या एकसमान शिअरचा मुख्यतः सरासरी मोमेंट आणि तिप्पट वारंवारतेचा अंश पोहोचतो, ०.२५ ते ०.३७८ हर्ट्झ, म्हणजे ०.१७ पासून लांब. तरंगत्या पायाला तर तो ऐकूही येत नाही. जेटवर लेख भराभर निघतात, कारण प्रोफाइल डोळ्यांना सुंदर दिसते.

एक मान्य करतो: व्हीअरमुळे पात्यावरचा हल्ल्याचा कोन डावीकडे-उजवीकडे असमान होतो आणि त्याचा सरासरी यॉ-मोमेंट तरंगत्या पायाला जाणवतो. तो स्थिर वर्गाच्या बॉक्समध्ये सरासरी प्रोफाइल म्हणून घाला. स्वतंत्र प्रकरण करू नका.

---

कातळसडा

जेट मोजणाऱ्यांसाठी एक. नाकाच्या वर वेग किमान २ मी/से घटला पाहिजे, असा निकष सर्रास लावतात. लायडारची कमाल उंची २०० असेल आणि नाक १८० वर, तर घट दिसायच्या आधीच डेटा संपतो आणि जेट 'नाही' म्हणून मोजले जाते. वारंवारितेचे आकडे दोन लायडारांमध्ये ताडताना आधी कमाल उंची सारखी कापून घ्या.

---

खारेवारे

खूप स्पष्ट झाले. शेवटचे एक, मार्गदर्शकांनी सहज विचारले म्हणून: हीच पद्धत पुढे खंभातच्या आखातासाठी वापरता येईल का? गुजरात आणि तमिळनाडूसाठी मिळून १ गिगावॉटची योजना आहे, २०२४ मध्ये ७४५३ कोटी मंजूर झाले.

---

मतलई

पद्धत जाईल, आकडे जाणार नाहीत. नीवेने (केंद्र सरकारची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था) २०१७ च्या नोव्हेंबरात पिपावावजवळ समुद्रात उभारलेल्या प्लॅटफॉर्मवर लायडार बसवले, तो प्रोफाइल लायडार. त्यातून सरासरी प्रोफाइल मिळते. स्पेक्ट्रम आणि कोहेरन्स नाही, कारण वर कातळसडा यांनी सांगितलेच. दुसरे, आखातात पाणी उथळ असल्याने तिथे मोनोपाइल किंवा जॅकेट (जाळीदार पोलादी पाया) येईल, म्हणजे तुमचा ०.०१ हर्ट्झचा सगळा संसार तिथे फारसा कामाचा नाही.

शब्दांची गल्लतही टाळा. मान्सूनचे 'खालचे जेट' असते ते दीड किलोमीटरच्या आसपास, अरबी समुद्रावरून येणारा तो मोठा प्रवाह. उत्तर समुद्रातले १५०-२०० मीटरवरचे जेट थंड पाण्यावर उबदार हवा आल्याने बनते. नाव एक, गोत्र वेगळे. आपल्याकडे जूनपासून ढगाळ, जोराचा, बराचसा न्यूट्रलच्या जवळचा वारा मिळेल. हिवाळ्यात किनाऱ्यावरचे खारे आणि मतलई वारे आलटून-पालटून, रोजची दिशाबदल. स्थैर्य-वर्गांची वाटणीच निराळी होते.

आणि तिथे डिझाइन ठरवणारा लोड फटीगचा असेलच असे नाही. तौक्ते १७ मे २०२१ ला दीव-उना पट्ट्यात जमिनीवर आले, पिपावावपासून जवळच. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागजवळ. आयईसीचा टी वर्ग (उष्णकटिबंधीय चक्रीवादळांसाठीचा) संदर्भ वेग ५७ मी/से धरतो, पहिला वर्ग ५०. चक्रीवादळाच्या डोळ्याच्या भिंतीजवळ दिशा मिनिटांत वळते, आणि त्यात टर्बाइनची वीज गेली असेल तर यॉ फिरवता येत नाही. तिथे कायमलही नको आणि मानही, तिथे आधी यॉ फिरवायला लागणाऱ्या बॅटरीची क्षमता विचारा.

---

जाळीदार

खारेवारे, २० सीडच्या धावा सुरू करण्याआधी प्लॅटफॉर्म जखडून, टॉवर कडक करून एक धाव घ्या आणि यॉ-मोमेंटचा स्पेक्ट्रम काढा. ०.०११ हर्ट्झला तिथे शिखर दिसले तर ते प्लॅटफॉर्मचे नाही, बॉक्समधूनच आले आहे. रुंदी पुन्हा तपासा.